आरोग्याचे वचन कोणाला दिले आहे आणि त्याचा भार कोणावर आहे?

नवापूर तालुक्यातील एका शिक्षिका भगिनीने प्रश्न विचारला आहे. त्यांच्या 17 वर्षांच्या धाकट्या भावाला सिकलसेलचा, म्हणजे रक्ताचा, जन्मजात आजार आहे. गेल्या पावसाळ्यात एका चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्यासाठी भरवलेल्या सभेत, त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. ‘तू बरा झाला आहेस, आता गोळी घेशील तर तो देवावरचा अविश्वास ठरेल,’ असे त्याला सर्वांसमक्ष सांगण्यात आले आणि घरच्यांनी गोळ्या बंद केल्या. पुढे थंडी पडताच त्याच्या सांध्यांत व छातीत असह्य कळा सुरू झाल्या, दवाखान्यात भरती करून रक्त चढवावे लागले. सभा घेणारे आता म्हणतात की कुटुंबाचा विश्वास कमी पडला. आईने हे मनाला लावून घेतले असून ती एक वेळचे जेवण सोडून उपास-प्रार्थना करीत आहे. भगिनी विचारतात: पवित्र शास्त्रात शरीराच्या आरोग्याचे वचन आहे की नाही? असेल, तर ते माझ्या भावाला का लागू पडले नाही?

ताई, मी 31 वर्षे नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील मंडळ्यांत पाळक म्हणून सेवा करीत आहे आणि आपला प्रश्न मला वेगवेगळ्या घरांत, बहुधा रात्रीच्या वेळी आणि बहुधा आजाऱ्याच्या आईकडून अनेकदा ऐकावा लागला आहे. उत्तराचा पहिला भाग मी आडपडदा न ठेवता सांगतो. होय, वचन आहे. ते एखाद्या कोपऱ्यातल्या ओळीत सापडणारे वचन नाही, पहिल्या पुस्तकांपासून शेवटच्या पुस्तकापर्यंत ते येते आणि मी त्यावर मनापासून विश्वास ठेवतो. परंतु त्या वचनाच्या आधारे आपल्या भावावर आणि आईवर जो आरोप ठेवण्यात आला, त्याला शास्त्रात आधार नाही. ज्या उताऱ्यांचा उपयोग करून तो ठेवला जातो, तेच उतारे सावकाश वाचले तर आरोप उलट दिशेला वळतो. कसा, ते मी दाखवतो.

सुरुवात निर्गमच्या 15व्या अध्यायापासून करू. इस्राएल लोक तांबडा समुद्र ओलांडून तीन दिवस रानात चालले, पाणी मिळाले नाही, आणि मारा येथे मिळाले ते इतके कडू की पिता येईना. मोशेने देवाने दाखवलेले झाड पाण्यात टाकले, पाणी गोड झाले आणि तेथेच परमेश्वराने सांगितले की मी तुला बरे करणारा परमेश्वर आहे. हे वाक्य उच्चारले गेले तेव्हा समोर एकही आजारी मनुष्य नव्हता, तहानलेले आणि कुरकुरणारे लोक होते. देव तेथे एखाद्या रोगाची हमी लिहून देत नाही, तो स्वतःची ओळख करून देतो. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दोन-दोन कोस चालणाऱ्या स्त्रियांना मी हा उतारा वाचून दाखवतो, तेव्हा त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. पाणी गोड होणे हेच त्यांच्या दृष्टीने पहिले आरोग्य असते. वचनाचे मूळ देवाच्या या ओळखीत आहे आणि पुढचे सर्व त्यावर उभे आहे. 103वे स्तोत्रही त्याच ओळखीला धरून अपराधांची क्षमा आणि रोगांचे निवारण एका दमात सांगते.

आता यशयाचा 53वा अध्याय. चंगाई सभांत सर्वांत जास्त म्हटले जाणारे वाक्य याच अध्यायातले आहे: त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य मिळाले. काही पंडित म्हणतात की येथे केवळ पापाची गोष्ट आहे, शरीराचा संबंध नाही. मला ते पटत नाही. चौथ्या वचनात जो मूळ हिब्रू शब्द आहे तो खरोखर आजारासाठीच वापरतात. हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्यातून उठला तेव्हा त्याच्या दुखण्यालाही यशयाच्याच पुस्तकात तोच शब्द आहे. जुन्या ग्रीक भाषांतराने त्या जागी ‘पापे’ असा शब्द घातला, परंतु मत्तयाने 8व्या अध्यायात हे वचन उद्धृत करताना ते भाषांतर बाजूला ठेवून मूळ हिब्रूला जवळचे शब्द घेतले, कारण तो सांगत होता ती गोष्ट पेत्राच्या तापाने फणफणलेल्या सासूची आणि संध्याकाळी दाराशी आणलेल्या दुखणाइतांची होती. म्हणजे येशूने आमचे आजार वाहिले, हे वाक्य शरीराविषयीही आहे आणि ज्यांनी आपल्या भावासाठी त्याचा आधार घेतला त्यांनी आधार चुकीचा घेतलेला नाही.

चूक त्यापुढे होते. त्याच अध्यायातील पाचवे वचन पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात घेतो आणि ते घेताना तो घरगुती दासांशी बोलत असतो, निष्ठुर धन्याकडून विनाकारण मार खाणाऱ्यांशी. तेथे त्याने जो ग्रीक शब्द वापरला आहे त्याचा अर्थ चाबकाने अंगावर उठलेला वळ असा होतो. ज्यांच्या स्वतःच्या पाठीवर वळ आहेत त्यांना तो सांगतो की त्याच्या वळांनी तुम्ही बरे झालात. त्या दासांच्या पाठी दुसऱ्या दिवशी कोऱ्या झाल्या नाहीत. तरीही पेत्र ‘बरे झालात’ असेच म्हणतो, कारण ते भरकटलेल्या मेंढरांसारखे होते आणि आता आपल्या मेंढपाळाकडे परत आले आहेत. म्हणून यशयाचा हा एकच उतारा नव्या करारात दोन ठिकाणी दोन प्रकारे येतो. कफर्णहूमला पेत्राच्या सासूचा ताप उतरतो, आणि दासांच्या ओसरीवर वळ तसेच असतानाही मनुष्य परत आलेला असतो. दोन्हींपैकी एक पुसून दुसरे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग शरीराचे काय? पौल 2 करिंथकरांच्या 5व्या अध्यायात या शरीराला तंबू म्हणतो, त्यात आपण कण्हत आहोत असे म्हणतो, आणि देवाने आपल्याला आत्मा विसार म्हणून दिला आहे असे सांगतो. ‘विसार’ हा शब्द मराठी शास्त्राने फार नेमका निवडला आहे. आपल्या भागात जमिनीचा व्यवहार ठरला की विसार देतात आणि पावती करतात. विसार मिळाला म्हणजे सौदा पक्का झाला, त्यात शंका उरली नाही. परंतु पूर्ण रक्कम आणि खरेदीखत ठरल्या दिवशी होते. प्रार्थनेने आज एखाद्याचा आजार उतरतो तो त्या विसाराचा भाग आहे. तो खरा असतो, हातात पडलेला असतो. पूर्ण रक्कम म्हणजे शरीराचा उद्धार, ज्याची आपण अजून वाट पाहत आहोत असे रोमकरांच्या 8व्या अध्यायात लिहिले आहे. येशूने उठवलेला लाजरही पुढे कधीतरी मेलाच. या जगात बरा झालेला प्रत्येक मनुष्य पुन्हा एकदा आजारी पडतो किंवा वृद्ध होतो, म्हणून या जगातले कोणतेही आरोग्य शेवटचे आरोग्य असू शकत नाही. विसार मिळाला म्हणून पूर्ण रक्कमही आजच मिळाली पाहिजे, अशी घोषणा व्यासपीठावरून करणारा मनुष्य वचन वाढवून सांगत असतो. आणि विसार मागूच नका, असे म्हणणारा ते कमी करून सांगत असतो.

आपल्या प्रश्नाचा गाभा मात्र याकोबाच्या 5व्या अध्यायात आहे, म्हणून मी तेथे जास्त वेळ थांबतो. तुमच्यात कोणी दुखणाईत आहे काय? त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीत नेमलेल्या ज्येष्ठांना, बोलावावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावावे व त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील व प्रभू त्याला उठवील. हा नव्या करारात मंडळीला दिलेला आरोग्याविषयीचा सर्वांत स्पष्ट नियम आहे. आता कोणाकडे काय सोपवले आहे ते बोटावर मोजून पाहा. आजाऱ्याकडे एकच काम आहे, बोलावणे. तेसुद्धा अंथरुणावरून निरोप पाठवून होते. येणे, तेल लावणे, प्रार्थना करणे हे सर्व वडिलांचे काम आहे. ‘विश्वासाची प्रार्थना’ म्हणतात ती त्या वाक्यात प्रार्थना करणाऱ्यांची आहे, म्हणजे विश्वासाची अपेक्षा तेथे वडिलांकडून केलेली आहे. आजाऱ्यासाठी याकोब 15व्या वचनात जो शब्द वापरतो तो थकलेल्या, गळून गेलेल्या मनुष्याचा आहे, आणि अशा मनुष्याच्या अंगावर विश्वासाचे ओझे टाकू नये म्हणूनच मंडळीने त्याच्याकडे जायचे आहे. त्यामुळे प्रार्थनेनंतर आजारी बरा झाला नाही आणि कोणाच्या विश्वासाविषयी विचारणा करायचीच असली, तर या उताऱ्याप्रमाणे ती आधी आम्हा पाळकांकडे आणि वडिलांकडे करावी लागेल. आपल्या भावाकडे आणि आईकडे ती येऊच शकत नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी आहेत. याकोब म्हणतो, त्याने पापे केली असली तर त्याला क्षमा होईल. ‘असली तर.’ आजार आहे म्हणजे पाप असणारच, असे त्याने गृहीत धरलेले नाही. आणि लगेच पुढे तो म्हणतो की आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा. एकमेकांजवळ, म्हणजे प्रार्थना करायला आलेल्या वडिलानेही आजाऱ्याजवळ. इतक्या वर्षांत मी अनेक सभा पाहिल्या, परंतु प्रार्थना करणारा खाटेजवळ बसून आधी स्वतःची चूक कबूल करतो असे दृश्य फार थोड्या वेळा पाहिले. जेव्हा पाहिले तेव्हा त्या खोलीत जी शांतता उतरली ती मी विसरलेलो नाही.

विश्वासाला काहीच महत्त्व नाही, असे मी म्हणत नाही. मार्काच्या 6व्या अध्यायात नासरेथच्या लोकांच्या अविश्वासाचे येशूला आश्चर्य वाटले आणि तेथे तो फारशी महत्कृत्ये करू शकला नाही. परंतु तेथे अविश्वासू कोण होते? त्याला तुच्छ लेखणारे गावकरी. त्याच गावात थोड्या दुखणाइतांवर हात ठेवून त्याने त्यांना बरे केलेच. मार्काच्या 2ऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या मनुष्याला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडले तेव्हा येशूने त्यांचा, म्हणजे आणणाऱ्यांचा, विश्वास पाहिला. आणि 9व्या अध्यायातला तो बाप, ज्याचा मुलगा लहानपणापासून आजारी होता, त्याने ओरडून सांगितले की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याला येशूने आधी पूर्ण विश्वास आणून दाखव म्हणून परत पाठवले नाही. आपल्या आईला हा उतारा वाचून दाखवा. तिची प्रार्थना त्या बापाच्या प्रार्थनेहून कमी नाही.

मार्काच्या 16व्या अध्यायातील शेवटच्या वचनांचा, आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील या वाक्याचा, सभांत फार आधार घेतला जातो. सर्वांत जुन्या दोन पूर्ण हस्तलिखितांत, म्हणजे सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत, तो शेवट नाही; त्यामुळे केवळ त्या ओळीवर एखाद्याची औषधे बंद करण्याइतका भार टाकणे योग्य नाही. एवढे पुरे.

आता आपल्या भावाच्या आजाराकडे येतो, कारण त्याच्यासाठी योहानाचा 9वा अध्याय जणू लिहूनच ठेवला आहे. जन्मतः आंधळ्या मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? आपल्याला ठाऊक असेलच की सिकलसेल हा जन्मतः येणारा आजार आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल पूर्ण आजारी होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि वाहक असलेल्या मनुष्याला स्वतःला बहुधा काहीच त्रास होत नसल्याने त्याला ते कळतही नाही. पूर्वी ज्या भागांत हिवतापाचा जोर होता तेथे हा गुण टिकून राहिला, कारण वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणून आपल्या भिल्ल, पावरा, मावची, गावित घरांत तो जास्त दिसतो. म्हणजे येथे आजार खरोखरच आईबापांकडून आला आहे, आणि नेमके याच ठिकाणी लोक शिष्यांचा प्रश्न पुन्हा विचारतात. सातपुड्यात अजूनही एखाद्या घरात मूल सारखे आजारी पडले की डाकिणीचा संशय घेतला जातो आणि त्यापायी निरपराध स्त्रियांचा छळ होतो. ख्रिस्ती झालेल्या घरात तोच संशय नवे नाव घेऊन येतो, ‘घरात लपलेले पाप’. येशूचे उत्तर असे होते की याने पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही केले नाही. ते उत्तर आपल्या आईला जसेच्या तसे लागू आहे, त्यात मी माझ्याकडून काहीही घातलेले नाही.

येथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. सेवेच्या तिसऱ्या वर्षी धडगावच्या बाजूला एका कुडाच्या घरात मी एका मुलीसाठी प्रार्थना करायला गेलो होतो. तिचे हात-पाय सुजले होते आणि डोळे पिवळे झाले होते. मी प्रार्थना केली, आणि निघताना तिच्या आईला म्हणालो की घरात काही कबूल करायचे राहिले असेल तर करून घ्या. तेव्हा मला सिकलसेल हा शब्दही माहीत नव्हता. मुलगी 11 दिवसांनी गेली. पुरल्यानंतर तिची आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘मी सगळं कबूल केलं होतं, दोन वेळा.’ तिच्या हातात त्या मुलीची चांदीची पैंजणे होती, ती तिने बोलता बोलता पदराच्या टोकाला बांधली. मी त्यानंतर आजाऱ्याच्या घरी तो प्रश्न पुन्हा कधी विचारलेला नाही. आपल्या आईला आज जे सोसावे लागत आहे ते कोणत्या प्रकारचे दुःख आहे, हे मला त्या बाईमुळे ठाऊक आहे आणि ते तिला द्यायचे काहीच कारण नव्हते.

औषधाविषयी शास्त्र काय म्हणते, हे 2 राजे 20व्या अध्यायात पाहावे. हिज्कीया मरणोन्मुख होता, त्याने भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना केली, आणि देवाने यशयाच्या तोंडून वचन दिले की मी तुला बरे करतो, तुझ्या आयुष्याची 15 वर्षे वाढवतो. इतके स्पष्ट, नाव घेऊन दिलेले, वर्षांची संख्या सांगितलेले वचन संपूर्ण शास्त्रात फार थोड्यांना मिळाले. आणि त्यानंतर यशया काय म्हणाला? अंजिरांचे पोटीस आणा. ते गळवावर बांधले आणि राजा बरा झाला. त्याच्या वळांनी आम्हांला आरोग्य मिळाले हे लिहिणारा संदेष्टा आणि गळवावर पोटीस बांधायला सांगणारा संदेष्टा एकच आहे. वचन मिळाल्यावर औषध घेणे म्हणजे अविश्वास असता, तर तो पहिला अविश्वासू यशया ठरला असता. आसा राजाने परमेश्वराला न विचारता वैद्यांचा धावा केला म्हणून त्याला दोष दिला, हे 2 इतिहासातील वचन काही जण पुढे करतात. परंतु आसा त्याआधीच देवाच्या द्रष्ट्यावर रागावून त्याला तुरुंगात टाकून बसला होता. त्याचा दोष वैद्य बोलावण्यात नाही, देवाला सोडण्यात आहे.

पौलाच्या हातून मलिता बेटावर पुब्ल्याच्या बापाचा ताप आणि आव बरी झाली, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या 28व्या अध्यायात आहे. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवले, तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी करूनही काटा निघाला नाही, कृपा मिळाली. त्याच्याबरोबर प्रवास करणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. यांपैकी कोणालाही त्याने विश्वास कमी पडल्याचे सुनावलेले नाही.

खानदेशात प्रार्थनेने आरोग्य मागणे आणि औषधोपचार करणे या दोन्ही परंपरा शेजारी-शेजारी वाढल्या, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे असे मला वाटते. भुसावळ-अकोला पट्ट्यात काम केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांना 1881 मध्ये हृदयाच्या दुखण्यातून आराम पडला, आणि ते पुढे ख्रिस्ताला तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा अशा चार नावांनी शिकवू लागले. त्या मिशनच्या चिन्हात आजही तेलाची सुरई आहे. आणि आपल्याच तालुक्यात चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आहे, तेथे तेच वचन मानणारे लोक सुई टोचतात आणि बाळंतपणे करतात. तेलाची सुरई आणि सलाईनची बाटली यांत निवड करायला कोणी सांगितले, तर ती निवड आपल्या पूर्वजांनी केली नव्हती हे लक्षात असू द्यावे.

आपल्या भावाच्या गोळ्यांविषयी स्पष्ट सांगतो. सिकलसेलसाठी बहुधा हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड देतात. हायड्रॉक्सीयुरिया बंद केल्यावर त्याचा परिणाम एका दिवसात जात नाही, काही आठवड्यांत ओसरतो. शिवाय या आजारात वेदनेच्या झटक्यांमध्ये बरे वाटण्याचे दिवस असतातच. त्यामुळे सभेनंतर महिनाभर काही झाले नाही म्हणजे चंगाई झाली असे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यात आपल्या कुटुंबाची फसगत झाली तर तो अपराध नाही. थंडी, पाणी कमी पिणे, ताप, फार श्रम यांनी झटका येतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी पुन्हा कोणाच्याही शब्दावर बंद करू नका, माझ्याही नाही.

आणि तो बरा झाला आहे असे कोणी म्हटले, तर ते तपासून घेणे हेही वचनाला धरूनच आहे. येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर लगेच सांगितले की जाऊन स्वतःला याजकाला दाखव. लेवीयच्या 13 आणि 14व्या अध्यायांत याजकाने कसे पाहायचे, किती दिवस वेगळे ठेवायचे, पुन्हा केव्हा तपासायचे हे बारकाईने दिले आहे. आजच्या भाषेत तो तपासणीचा विभाग होता. देवाने केलेले काम तपासणीला घाबरत नाही. मात्र तपासणीही समजून करावी. काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे रक्ताचा अहवाल घेऊन आला, त्यात पूर्वीपेक्षा निरोगी हिमोग्लोबिन पुष्कळ दिसत होते आणि मंडळीत साक्ष द्यायची त्याची तयारी झाली होती. मी तारखा विचारल्या. अहवालाच्या 9 दिवस आधी त्याला दोन पिशव्या रक्त चढवले होते. ते निरोगी हिमोग्लोबिन दुसऱ्याचे होते. आम्ही त्या रविवारी साक्ष दिली, ज्यांनी रक्त दिले त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानण्याची.

बरे झालेले मी पाहिले आहेत काय? पाहिले आहेत. साक्री तालुक्यातील एका वृद्ध बाईला डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले होते. चार वडील गेले, तेल लावले, रात्र काढली, आणि ती पुढे सहा वर्षे शेतात निंदणी करीत होती. डॉक्टरांनाही कारण सांगता आले नाही. त्याच महिन्यात, तेच चार वडील, तेच तेल, आणि 24 वर्षांचा एक तरुण गेला. त्याच्या आजीने मला अहिराणीत विचारले, ‘देवनी आमले सोडी दिधं का?’ मी तिला नाही म्हणालो आणि तिच्याजवळ बसून राहिलो. एकाला विसार आज मिळाला, दुसऱ्याची पूर्ण रक्कम पुढे ठेवली आहे, असे मी मानतो. परंतु त्या आजीला त्या संध्याकाळी मी हे वाक्य ऐकवले नाही आणि ऐकवू नये असेच मला वाटते.

पैशाविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आपण पत्राच्या शेवटी ‘विश्वासाचे बीज’ म्हणून आईने गळ्यातील मणी विकून रक्कम दिल्याचे लिहिले आहे. अरामी सेनापती नामान कोडातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने त्याच्याकडून एक पैही घेतली नाही. त्याचा चाकर गेहजी मागून धावत गेला आणि दोन किक्कार रुपे व वस्त्रे घेऊन आला, तेव्हा नामानाचे कोड त्याला लागले. येशूने बारा जणांना आजाऱ्यांकडे पाठवताना सांगितले की तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या. ज्यांनी ती रक्कम घेतली त्यांच्याकडे ती परत मागण्यात आपण काही अधर्म करीत नाही.

आता काय करावे? आईचे उपास आधी थांबवा. तिला सांगा की एका पाळकाने जेवायला सांगितले आहे. एलीया थकून मरण मागत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवदूताने त्याला पहिली गोष्ट हीच सांगितली, ऊठ आणि खा. भावाला त्याच्या डॉक्टरांकडे न्या आणि सभेनंतर काय काय झाले ते काही न लपवता सांगा. घरातील इतर भावंडांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, आपलीही. त्यानंतर आपल्या मंडळीच्या वडिलांना निरोप पाठवा. एकट्याला नको, याकोबाने अनेकवचन वापरले आहे. त्यांना व्यासपीठ नको, माईक नको, आपल्या ओसरीवर येऊ द्या. ते आले की भावाला विचारू द्या की त्याला काय मागायचे आहे. मी नेहमी विचारतो, आणि 17 वर्षांची मुले अनपेक्षित उत्तरे देतात; एकाने मला सांगितले होते की दुखणे जावे असे वाटतेच, पण आधी आई रडायची थांबावी. जे तो म्हणेल तेच मोठ्याने मागावे, भरपूर मागावे, आजच बरा कर असेही मागावे. साधे तिळाचे तेल चालते, बाजारातून आणलेली ‘अभिषिक्त’ बाटली लागत नाही. तेल कपाळाला लावल्यावर त्याच रात्रीची गोळी मंडळीच्या वडिलांनीच आपल्या हाताने, पाण्याच्या भांड्यासह, त्याला द्यावी.

आपल्या मंडळीच्या वडिलांपैकी कोणी यायला तयार नसेल तर मला कळवा. पुढच्या गुरुवारी मी नवापूरला आहे, संध्याकाळी येऊ शकेन.